तुम्ही विचारलंत म्हणून: पैदाशीला लावला की घोड्याचा खेळ संपतो का?

उड्यांच्या घोड्यांचा विषय काढला की रेसकोर्सवर वाढलेला एखादा पुणेकर मला हमखास अडवतो. "पण पैदाशीला लावला की स्टॅलियनची, म्हणजे खच्ची न केलेल्या घोड्याची, कारकीर्द संपतेच ना?"

रेसच्या बाबतीत त्याचं खरं आहे. नावाजलेला थरोब्रेड (रेसच्या जातीचा घोडा) चार-पाच वर्षांचा झाला की पळणं थांबवून स्टड फार्मवर जातो. तिथे कृत्रिम रेतनाला मनाई, घोडी त्याच्यापाशी आणावीच लागते.

शो जंपिंगचा घोडा मात्र त्या वयात अजून शिकाऊच असतो. 1.60 मीटरच्या दांड्यांवरून जायची ताकद आणि समज यायला नववं-दहावं वर्ष उजाडतं. म्हणून कांडी. गावाकडे गाईला भरतात, तशीच. वीर्य बारीक नळीत गोठवून ठेवायचं, तीच कांडी. घोडी दुसऱ्या देशात गाभण राहते आणि हा रविवारी मैदानात असतो. (बरेच स्वार तरीही खच्ची घोडाच पसंत करतात. सरावाच्या रिंगणात शेजारून घोडी गेली की स्टॅलियनचं चित्त कुठे असतं ते एकदा पाहा.)

मी उदाहरण देतो ते बालुबे द्यू रुएचं. 1989 साली फ्रान्समध्ये जन्मलेला, तांबूस. तिथे त्या वर्षीच्या शिंगरांची नावं 'ब'नं सुरू करायची होती. बापाचं नाव गालुबे, म्हणून हा बालुबे! गालुबेसुद्धा स्वतः उड्या मारून नाव कमावलेला. 1982 साली फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघात होता. बालुबेवर ब्राझीलचा रॉड्रिगो पेसोआ बसायचा. दोघांनी 1998, 1999 आणि 2000 अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड कप फायनल जिंकली: हेलसिंकी, गोथेनबर्ग, लास व्हेगस.

आता तारखा जुळवून बघा. शामान आणि बालू द्यू रुए हे त्याचे दोन नामांकित मुलगे 1999 चे. घोडी अकरा महिने गाभण असते, म्हणजे त्यांच्या आया फळल्या 1998 साली. बाप हेलसिंकी जिंकला तेच वर्ष.

मग सिडनी आलं. ऑलिम्पिकमध्ये सांघिक कांस्य मिळालं आणि वैयक्तिक सुवर्ण हातातोंडाशी आलं. शेवटच्या फेरीत बालुबे अडथळ्यासमोर थांबला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा थांबला, आणि बाद. का, याचा खुलासा घोडा करत नाही. मला विचाराल तर त्याच्यात जो भडका होता तोच त्याला उडवायचा आणि तोच कधीतरी अडवायचा. आपल्या घोडीसाठी त्याची कांडी घेणाऱ्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी हात आखडता घेतला नाही. पुढे अकरा दशलक्ष युरोंना विकला गेल्याचं बोललं गेलेला पालुबे दालों हा त्याचाच, आणि तो जन्मला सिडनीनंतर.

चार वर्षांनी अथेन्समध्ये, पंधरा वर्षांचा असताना, बालुबेनं रॉड्रिगोला रौप्य मिळवून दिलं. पहिल्या आलेल्या आयरिश घोड्याच्या नमुन्यात बंदी असलेली द्रव्यं सापडली, आणि 2005 च्या ऑगस्टमध्ये रिओत, कोपाकबानाला, रॉड्रिगोच्या गळ्यात सुवर्ण पडलं. शामान आणि बालू तेव्हा सहा वर्षांचे होते. मोठ्या उड्यांना अजून लहानच.