कोणी कळवलं नाही

शुक्रवार, रात्री उशिरा

कोणी कळवलं नाही. दुपारपासून हेच डोक्यात घोळतंय.

दापोलीहून परत येताना एसटीत आमचा पक्ष्यांचा ग्रुप उघडला, तर फोटो. आंजर्ल्याची पुळण, ओली वाळू आणि एका पायावर उभा चिखल्या, हिवाळ्यात किनाऱ्यावर येणारा तो छोटा पक्षी. पायात झेंडी, म्हणजे ओळखीसाठी घातलेली छोटी पट्टी, तिच्यावरची अक्षरं स्वच्छ दिसणारी. खाली अभिनंदनाचा पाऊस, कुठली लेन्स वापरली याची चौकशी. फोटो काढणारा मुलगा पुण्याचा, दोन दिवसांसाठी आलेला. फोटो बुधवारचा. दादाला त्याने बुधवारी संध्याकाळीच दाखवला होता, आणि दादाने लगेच ओळखलं, हा आपल्याच खाडीवरचा. मग वैनींना कळलं, शाळेतल्या सरांना कळलं. मला आज, एसटीत, सगळ्यांच्या नंतर.

घरी येऊन पहिल्यांदा नोंदींची वही काढली. झेंडीवरचा कोड जुळला. आम्हीच कडं घातलेला पक्षी.

पौषातल्या अवसेला पकडला होता त्याला. चांदण्यात जाळं पक्ष्यांना दिसतं, म्हणून अवसच लागते. शिवाय अवसेच्या उधाणाला चिखल पाण्याखाली जातो आणि चरणारे सगळे पक्षी उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर गोळा होतात. तिथेच दादाने बांबू रोवून जाळी लावली होती. कडं घालायचा परवाना दोघांनाच. आम्ही बाकीचे बॅटरी धरायला, कापडी पिशव्या सांभाळायला. मी लिहायला. पंखाची लांबी, चोचीची लांबी, वजन, कोणती पिसं नवी, कोणती झिजलेली. दादा आकडा सांगणार, मी तो मोठ्याने परत म्हणणार आणि मगच लिहिणार. थंडीने पेन चालेना की काखेत धरायचं. टिलवे आले, तुतवार आले, आणि पहाटेकडे हा.

सोडायला दादाने माझ्या हातात दिला. मान पहिल्या दोन बोटांच्या मधे, पाठ तळहाताला. डोळा केवढा मोठा, आणि पूर्ण काळा. राखाडी पायांना पुढे तीनच बोटं. मागचं बोट चिखल्याला नसतंच, हे वाचलेलं होतं, पण हातात बघितल्यावर त्या रिकाम्या जागेवरून नजर हलेना. एका पायात अॅल्युमिनियमचं कडं, दुसऱ्यात झेंडी. बॅटरीपासून लांब नेऊन वाळूवर ठेवायचं, त्याच्या डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्यायची. ठेवला. तो तिथेच उभा राहिला. मीही उठले नाही. उडाला तो कधी, ते दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

त्या रात्रीपासून तो माझा. असं कुणाला सांगितलेलं नाही, पण मनात तसंच आहे. वैशाखात सगळे गेले तेव्हा आठवण होती. तिबेटच्या पठारावर कुठेतरी गोट्यांमधे खळगा करून अंडी घालत असेल, छाती विटकरी झाली असेल, डोळ्यांवरून काळा पट्टा आला असेल. श्रावणापासून परतायला लागतात, काहींच्या छातीवर तो रंग अजून उरलेला असतो, तर तेव्हापासून रोज पुळणीवर जातेय. दुर्बीण घेऊन, एकेक पाय बघत. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. आणि दिसला कुणाला, तर पहिल्यांदाच आंजर्ल्याला आलेल्या मुलाला, मी नसताना.

मी कुठे होते बुधवारी? दापोलीला, आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी. अंगठा उमटेना. कारकून म्हणाला, पुसून परत ठेवा. परत ठेवला. मग दुसरं बोट. आईने प्रत्येक बोट पदराला पुसून पुसून ठेवलं आणि यंत्र दर वेळी नाही म्हणालं. इतकी वर्षं नारळ सोलले, आगरात राबली, त्या बोटांवर रेघा राहणार कुठून? आज पुन्हा गेलो, पुन्हा तेच. म्हातारी समोर खुर्चीत बसलेली, कारकुनाला नाव सांगतेय, आणि ती जिवंत आहे हे कुठे नोंदता येत नाही. येताना ती खिडकीला डोकं टेकून गप्प होती. मी फोटो बघत होते. ताईचा फोनही येऊन गेला, घराचं काय ते एकदा ठरवा म्हणून. ते नंतर.

कोणी कळवलं नाही याचा एवढा त्रास का व्हावा?

मानपान हे कारण नाही. मानाचंच असतं तर वेळासच्या प्रथमा कासविणीच्या वेळीच वाटलं असतं. 2022 च्या जानेवारीत तिच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवलं, तिला नाव मिळालं, पेपरात ती कुठवर पोचली ते येत होतं. सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी, सगळ्यांना नावं. चिखल्याचं वजन साठ ग्रॅमच्या आसपास, आणि यंत्र अंगाच्या वजनाच्या 3 टक्क्यांहून जड नसावं असा संकेत. म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. कासवाचं यंत्र त्याच्यासाठी नाही. त्याला कडं आणि झेंडी, बाकी त्याचं काय होतं ते कुणीतरी बघितलं तरच कळणार. आणि कडं वाचायला पक्षी परत हातात यावा लागतो, जे फार क्वचित घडतं. म्हणून तर झेंड्या आल्या, लांबून कुणालाही वाचता याव्यात म्हणून.

कुणालाही. हे लिहिलं आणि थांबले जरा.

डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन मास्तरांनी 1899 मध्ये आपल्याकडच्या भोरडीच्या नात्यातल्या 165 स्टार्लिंगांच्या पायात कडी घातली. प्रत्येकावर नंबर आणि पत्ता. तो पत्ता कुणासाठी होता? पक्षी जिथे जाईल तिथल्या अनोळखी माणसासाठी. पक्षी आपल्यालाच परत दिसावा अशी मास्तरांची अट असती, तर पत्ता कोरायचं कारणच नव्हतं. गुहागरला 2025 मध्ये अंडी घालायला आलेल्या कासवाच्या फ्लिपरला 2021 मध्ये ओडिशात लावलेला बिल्ला होता. तो वाचणारे गुहागरचे, लावणारे ओडिशाचे. आमच्या कड्यांवरही पत्ता मुंबईचा, बीएनएचएस या निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेचा. माझा नाही, दादाचाही नाही. हे मला पहिल्या रात्रीपासून माहीत आहे, मीच तो नंबर वहीत उतरवत होते. आणि तरी मनात त्या कड्यावर माझ्या घराचा पत्ता घालून बसले.

वाईट अजून वाटतंय. पण दुपारसारखं नाही. दुपारी वाटत होतं, माझं काहीतरी दुसऱ्याला मिळालं. आता फोटोकडे बघताना वेगळं दिसतंय. हिमालय ओलांडून गेला, पठारावरचा उन्हाळा काढला, परत हिमालय ओलांडून ह्याच पुळणीवर उतरला. पिसं नीट आहेत, पोट भरलेलं दिसतंय. बुधवारी तो जिवंत होता, आणि ते नोंदवायला अंगठा लागला नाही. हे त्या मुलामुळे कळलं. तो दोन दिवसांसाठी आला, आणि पायाकडे बघायचं त्याला सुचलं. मी तिथे असते तरी त्या थव्यात हाच पाय दिसला असता असं नाही.

दादावर मात्र राग आहे. हा राग उद्या त्याला बोलून दाखवणार. सांगायला हवं, नाहीतर आत राहील.

नऊच्या सुमाराला त्या मुलाला मेसेज केला. मुंबईला कळवलंस का? म्हणाला, काकू, कुठे कळवायचं असतं ते माहीतच नाही, ग्रुपवर टाकला की झालं असं वाटलं. म्हणजे तीन दिवस नुसते अंगठे गोळा होत होते आणि जिथे नोंद व्हायची तिथली पाटी कोरीच. सगळ्यांना कळलं होतं, पण कळवलं कुणीच नव्हतं, दादानेसुद्धा. मग फोनवरच दोघांनी मिळून माहिती भरली. झेंडी कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, कडं कोणत्या पायात. एका फोटोत दुसरा पाय पोटात घेतलेला, म्हणून त्याच्याकडून आणखी फोटो मागवले. त्याने सगळेच पाठवले, हललेले, धूसर, सगळे. त्यातल्या एकात तो चालतोय, दोन्ही पाय दिसतायत. भरती होती की ओहोटी, थव्यात अंदाजे किती, हेही विचारून घेतलं. त्याला बरंच आठवत होतं. पोरगा लक्ष देऊन बघतो.

बघणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव घातलं. कडं घालणाऱ्यांची माहिती त्यांच्याकडे असतेच, तिथे काही भरायचं नसतं. पाठवण्याआधी कोड वहीशी परत एकदा ताडून बघितला, आणि त्याला सांगितलं की उत्तर तुझ्याकडे येईल, आलं की मला कळव.

लगेच लिहिलंय त्याने, नक्की काकू. मेच्या सुट्टीत यायचं म्हणतोय. त्याला सांगितलं, मेमधे नको, तोवर निघून गेलेले असतात. फेब्रुवारीत ये, अवस बघून.