पहिली ओळ

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि तीन दिवस वॉर्डातल्या माझ्या टेबलावर पडून राहिलं. चौथ्या दिवशी रात्रपाळी उतरून लिहायला बसले, तर पानभर बाईच उतरल्या. बाई म्हणजे कोणत्या, हे माझ्या वेळच्या मुलींना सांगायला नको. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास घेणाऱ्या, कमालीच्या बेसूर, आणि प्रार्थनेच्या वेळी व्यासपीठावर न थांबता आमच्या रांगांमध्ये येऊन उभ्या राहणाऱ्या. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणिताच्या सरांचंही ऋण आहे, पण ते पुढच्या महोत्सवात फेडीन.

मी सातवीत वसतिगृहात आले. त्याच्या आदल्या वर्षी वडील घर सोडून गेले होते. गेले ते एका परीने बरंच झालं, असं आई म्हणायची आणि मग बराच वेळ गप्प बसायची. शाळेत तेव्हा प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली, जुन्या भाषांतरातली म्हणत असू. आता ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात, तेव्हा ‘हे आमच्या आकाशातील बापा’ होतं. ‘पित्या’ असतं तर माझं कदाचित निभावलं असतं, कारण घरात तसं कोणी कोणाला म्हणत नाही. ‘बापा’ मात्र घशातच अडकायचं. मग मी ओठ मिटून उभी राहायचे आणि ‘तुझे नाव पवित्र’ आलं की सगळ्यांच्या आवाजात हळूच शिरायचे. अडीचशे मुलींत हे कोणाच्या लक्षात येणार?

बाईंच्या आलं. आठवडाभर त्या तिसऱ्या रांगेत, अगदी माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. शनिवारी वह्या उचलायला मला बोलावलं आणि जिन्यात विचारलं, “पहिली ओळ का गाळतेस गं?”

मी म्हटलं, “मला वडील नाहीत.” मग खोटं बोलल्यासारखं वाटलं म्हणून म्हटलं, “आहेत. पण हाक मारावी असे नाहीत.”

आता बायबलमधलं काहीतरी ऐकावं लागणार, अशी माझी खात्री होती. बाईंनी वह्यांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. “बरं. मग पहिली ओळ तुझ्या वाटची मी म्हणत जाईन. तू दुसरीपासून ये. त्यात ‘माझ्या’ कुठे आहे? ‘आमच्या’ आहे. आमच्यातल्या एकीनं म्हटलं तरी पोचतं.”

एवढंच. घटना म्हणून सांगावी तर काहीच नाही. पण त्या रात्री मी बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय, जिथे ही प्रार्थना आहे, तो काढून बोट फिरवत बघितलं. खरंच, भाकर मागायची ती आम्हांला, क्षमा आम्हांला, परीक्षेपासून राखायचं तेही आम्हांला. ‘मी’ कुठेच नाही. एकटीनं कोपऱ्यात म्हटली तरी ती प्रार्थना अनेकवचनीच राहते. बाईंनी वर्षभर पहिली ओळ माझ्या कानाशी, त्यांच्या त्या बेसूर आवाजात म्हटली. पुढे कधीतरी मीही म्हणू लागले. कोणत्या दिवशी, ते आठवत नाही. बाईंनीही कधी विचारलं नाही, आणि हे मला त्यांचं सगळ्यात मोठं शिकवणं वाटतं.

शास्त्राच्या तासाला त्या आमच्याशी वाद होऊ द्यायच्या. बायबलमधल्या सत्ताविसाव्या स्तोत्रात आहे, आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर जवळ करील. मी उठून म्हटलं, “पण माझ्या आईनं नाही सोडलं.” वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “मग अर्धंच वचन तुझं. अर्धं दुसऱ्या कोणाला तरी लागेल.” देव आपल्याला आईसारखाही चालेल का, असं एकीनं विचारलं, तेव्हा त्यांनी बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं. तान्ह्या बाळाला आई विसरेल का, असं देव विचारतो, आणि ती विसरली तरी मी विसरणार नाही, असं तोच सांगतो.

एक मात्र बाईंनी आम्हांला लहान वयातच सांगून टाकलं, आणि ते सोपं नव्हतं. येशूच्या तोंडी ‘अब्बा’, म्हणजे ‘बापा’, ही हाक शुभवर्तमानांत, म्हणजे त्याच्या चारही चरित्रांत, एकदाच येते, मार्काच्या, मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत. हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर, म्हणून. आणि प्याला दूर झाला नाही. वडील परत यावेत असं मी गुपचूप मागत होते, हे बाईंना कसं कळलं कोण जाणे. वडील आले नाहीत. पण मागणं वाया गेलं, असंही मला कधी वाटलं नाही.

आता जरा माझ्याविषयी. मी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात इनचार्ज सिस्टर आहे. कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी ठेवायची, त्याला आम्ही कांगारू केअर म्हणतो. ते आमच्याकडे नीट बसवण्यात माझा हात आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. एकशे एकतिसावं स्तोत्र मला कळलं ते इथे. तीनच ओव्यांचं आहे. माझा जीव दूध तुटलेल्या मुलासारखा आईजवळ शांत आहे, असं त्यात म्हटलंय. शाळेत वाटायचं, दूध तुटलेलंच का? तान्हं का नाही? आता रोज बघते. तान्ह्याला छातीशी धरलं की ते मान वळवून तोंडानं शोधू लागतं. आई म्हणजे दूध. दूध सुटलेलं आजारी पोर मात्र आईच्या खांद्यावर नुसतं पडून राहतं. त्याला काही नको असतं. ती तिथे असली की झालं. हे बाईंना सांगायला हवं होतं. सांगायचं राहून गेलं.

मागच्या वर्षी काही कामानं शाळेत येऊन गेले. इमारत सुरेख झाली आहे, आमचा जुना जिना गेला. सकाळची प्रार्थना आता ध्वनिक्षेपकावरून लावतात. आवाज गोड आहे, सूर पक्का आहे, मुली माना खाली घालून उभ्या असतात. कोण म्हणतंय आणि कोण गाळतंय, कळायला मार्ग नाही. शिक्षक सगळे व्यासपीठावर होते.

महोत्सवाला येणार आहे, रजाही मंजूर झाली. संयोजकांना एक विनंती. त्या दिवशी यंत्र बंद ठेवा, प्रार्थना आपली आपण म्हणू. मी तिसऱ्या रांगेत असेन. माझाही सूर लागत नाही, शेजारच्या मुलीनं सांभाळून घ्यावं.