बरोबर अर्धं: मॅजिक स्टेट बनवताना माझे एकोणीस दिवस कुठे गेले

०.५. एकोणीस दिवस रोज प्रोग्रॅम चालवायचा आणि रोज हाच आकडा. ०.४९ नाही, ०.५१ नाही. दशांशचिन्हापुढे पाच आणि मग नुसती शून्यं. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट संपला, मार्कही बरे मिळाले, पण कुणी 'मॅजिक स्टेट' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी तो अर्धा येतो आणि डोकं तापतं. म्हणून लिहून टाकते.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, गेट म्हणजे त्यावरची एक क्रिया, आणि चूक-दुरुस्ती कोड म्हणजे एका क्युबिटची माहिती अनेक क्युबिटांत पसरवून चुका पकडण्याची सोय. चूक-दुरुस्ती कोडमध्ये साठवलेल्या क्युबिटवर क्लिफर्ड गेट (हॅडमार्ड, एस, सीनॉट ही मंडळी) तुलनेने स्वस्तात चालवता येतात. पण नुसत्या क्लिफर्डवर चालणारं सर्किट साधा कॉम्प्युटरही झटपट सोडवतो, मग क्वांटमचा खटाटोप कशाला? त्यासाठी टी गेट हवं. आणि एकाच कोडमध्ये सगळी गेटं क्युबिटगणिक सुटी सुटी लावून भागत नाही, हे ईस्टिन आणि निल यांनी २००९ मध्ये सिद्ध केलं. यातली पळवाट ब्राव्यी आणि किताएव यांच्या २००५ च्या पेपरात आहे: टी गेटचा परिणाम एका वेगळ्या क्युबिटमध्ये आधीच भरून ठेवायचा आणि लागेल तेव्हा वापरायचा. हीच मॅजिक स्टेट. ती सुरुवातीला गढूळच मिळते, म्हणून १५ गढूळ घेऊन त्यातून एक स्वच्छ काढायची. प्रत्येकीत चूक असण्याची शक्यता p असेल तर निघणारीत ती साधारण ३५p³ उरते. माझं काम एवढंच होतं की हे १५-चं-१ सिम्युलेट करायचं आणि तो ३५ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा.

कोड रचणं, चुका पकडणाऱ्या चार एक्स-तपासण्या लिहिणं, हे चार दिवसांत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग पंधराही क्युबिटवर टी लावलं, डीकोड केलं, हव्या त्या टी-स्टेटशी (म्हणजे मॅजिक स्टेटशी) ताडून पाहिलं. फिडेलिटी (दोन स्टेट किती जुळतात ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) ०.५. नॉइज, म्हणजे मुद्दाम घातलेल्या चुका, पूर्ण बंद. चारही तपासण्या पास. तरी ०.५.

अर्धा हा आकडा फार लबाड आहे. क्युबिटची पार माती झाली, त्यात काही म्हणजे काही उरलं नाही, तरीही फिडेलिटी ०.५ च येते. त्यामुळे मी धरून चालले की कुठेतरी सगळं विस्कटतंय. आधी एन्कोडिंगवर संशय घेतला आणि ते तीनदा नव्याने लिहिलं. मग क्युबिट डावीकडून मोजायचे की उजवीकडून, यावर दोन दिवस गेले (हा घोळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो, पण माझा तो नव्हता). मग वाटलं, लॅपटॉपच झेपत नसेल, म्हणून विभागाच्या सर्व्हरसाठी अर्ज केला. अर्जावर एक सही, मग दुसरी सही, दुसरे सर रजेवर. चार दिवसांनी नंबर लागला. सर्व्हरनेही ०.५ च दिलं, फक्त जास्त वेगाने. नंतर हिशोब केला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली: पंधरा क्युबिट म्हणजे ३२,७६८ कॉम्प्लेक्स संख्या, फार तर अर्धा एमबी. फोनमधल्या एका फोटोहून कमी. तेव्हा एवढ्यासाठी सर्व्हरच्या रांगेत उभे राहू नका.

सोळाव्या दिवशी मॅडमकडे रडगाणं घेऊन गेले. त्यांनी कोड उघडूनही पाहिला नाही. म्हणाल्या, "अगं, एन्कोड केलेल्या शून्यावर काय होतं आणि एकावर काय होतं, ते हाताने लिहून आण." मला रागच आला. हे काय, शाळेतला गृहपाठ? तीन दिवस मी तो टाळला आणि चौथ्यांदा एन्कोडिंग लिहिलं.

एकोणिसाव्या रात्री वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली, तेव्हा निमूटपणे वही काढली. टी गेट दर '१' मागे ४५ अंश फिरवतं. या कोडमध्ये शून्य म्हणजे पंधरा-पंधरा ०-१ च्या सोळा ओळींचं मिश्रण: एका ओळीत एकही '१' नाही, उरलेल्या पंधरांत प्रत्येकी आठ. आठ गुणिले ४५ म्हणजे ३६०. पूर्ण फेरा, म्हणजे काहीच झालं नाही. छान. एक म्हणजे याच ओळी उलट्या (० च्या जागी १, १ च्या जागी ०): एकीत पंधरा '१', बाकीच्यांत सात-सात. सात गुणिले ४५, ३१५. पंधरा गुणिले ४५, ६७५. दोन्ही फेऱ्यांत बसवले की उरतं उणे ४५.

उणे!

सोळाच्या सोळा ओळींचं कोनावर एकमत आहे, म्हणून तर हा कोड निवडतात. फक्त कोन उलटा. पंधरा टी लावले की आत टी लागतच नाही, टी-डॅगर, म्हणजे उलट्या दिशेने फिरवणारं टी, लागतं. या दोन स्टेटची आपसातली फिडेलिटी किती? बरोबर अर्धी. माझं सर्किट पहिल्या दिवसापासून चोख होतं. मी ते चुकीच्या उत्तराशी ताडत होते.

दुसऱ्या दिवशी पंधरा टीच्या जागी पंधरा टी-डॅगर टाकले. १.०००. शेवटी एकच एस (ते ९० अंश फिरवतं) लावलं असतं तरी भागलं असतं. आणि मग ज्या पेपरावरून मी काम करत होते तो पुन्हा उघडला, तर तिथे कोपऱ्यात तीन शब्द होते: 'क्लिफर्ड दुरुस्ती वगळता'. लिहिणाऱ्याला एस फुकट आहे, म्हणून त्याने विषय तिथेच संपवला. माझे एकोणीस दिवस त्या 'वगळता'मध्ये गेले. उणे चिन्ह छापायला किती शाई लागते हो?

तर, फिडेलिटीचा एकच आकडा बघत बसू नका. ब्लॉख व्हेक्टरचे (क्युबिटची स्थिती दाखवणाऱ्या बाणाचे) एक्स, वाय, झेड हे तिन्ही घटक छापा. मी ते छापले असते तर पहिल्याच दिवशी एक्स ०.७०७ आणि वाय उणे ०.७०७ दिसलं असतं. माती झालेल्या क्युबिटचे तिन्ही घटक शून्य असतात, त्यामुळे 'विस्कटलंय' आणि 'उलटं झालंय' यातला फरक लगेच कळतो.

पुढचं भराभर झालं. एक फजिती सोडून: p = ०.००१ ठेवून एक कोटी वेळा चालवलं आणि चुका शून्य. एक संध्याकाळ मी त्या शून्यावर बेहद्द खूश होते. मग लक्षात आलं की ३५p³ म्हणजे तिथे कोटीत सरासरी ०.३५ चूक, शून्य येण्यात नवल नाही, त्यातून सिद्ध काहीच होत नाही. इथे फासे टाकत बसायचंच नाही. झेड-चुकांचे (क्युबिटचा कोन १८० अंशांनी फिरवणाऱ्या चुकांचे; प्रत्येक क्युबिटवर ती असते किंवा नसते) एकूण नमुनेच ३२,७६८ आहेत, सगळे मोजून टाका. तपासणीतून निसटतात २,०४८. त्यांत एकच किंवा दोनच चुका असलेला एकही नाही. तीन चुकांचे नेमके ३५. ते ३५ पडद्यावर आले तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवत होते. p = ०.०१ ला सुमारे ८६ टक्के प्रयत्न पास होतात आणि निघणाऱ्या स्टेटमध्ये चूक राहते लाखात साडेतीनच्या आसपास.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: स्टिमसारखा वेगवान सिम्युलेटर बघून हुरळू नका. तो क्लिफर्ड सर्किटांसाठी आहे, त्यात टी गेटच नाही. २०२४ मध्ये गिडनी, शटी आणि जोन्स यांनी मॅजिक स्टेट 'कल्टिव्हेट' करण्याची, म्हणजे छोट्या कोडमध्ये रुजवून मग वाढवण्याची पद्धत मांडली. त्यांनीही मोठ्या सिम्युलेशनसाठी टीच्या जागी एस ठेवून अंदाज बांधला.

माझ्या हिशोबात क्लिफर्ड गेटं निर्दोष धरली आहेत. खऱ्या यंत्रात ती तशी नसतात. ते काम आता माझ्या ज्युनिअरकडे आहे. परवा ती विचारत होती, "ताई, नॉइज बंद असूनही ०.५ का येतंय?" मी तिला कोरी वही दिली. तोंडावर जरा रागच दिसला तिच्या.