भाताचं खाचर आणि शेजारची वरकस जमीन: मातीची तुलना कशी केली

भाताच्या मातीची शेजारच्या बिनभाताच्या मातीशी तुलना करायला घेतली, तेव्हा माझा सगळ्यात जास्त वेळ जोड्या निवडण्यातच गेला. खाचरं बहुधा सखल जागी असतात आणि वरकस जमीन थोडी वर. वरून वाहून आलेली बारीक माती सखलात साचते. मग खाचरात चिकणमाती जास्त निघाली, कर्ब (कार्बन) जास्त निघाला, तर ते श्रेय भाताचं की उताराचं? हा प्रश्न सुटल्याशिवाय नमुना घ्यायला माझं मन धजेना. म्हणून दोन्ही तुकडे उताराच्या एकाच टप्प्यावरचे आणि एकाच खडकापासून बनलेल्या मातीचे घेतले. वर नांगर, खत, पाणी यांनी काहीही बदललेलं असू शकतं, पण खाली मीटरभर खोलीवरचा पोत आणि खडीचे तुकडे जुळले, तरच जोडी धरली. बाकीच्या सोडून दिल्या.

खड्डे खणल्यावर पहिला फरक चाकूलाच कळला. वरकस जमिनीत तो सगळीकडे सारखा आत जात होता. माती तपकिरी, रवाळ, गांडुळांच्या बिळांनी भरलेली. खाचरात वरची वीतभर माती लोण्यासारखी मऊ आणि राखाडी, ढेकूळ म्हणून उरलेलं नाही. तिथून खाली मात्र चाकू अडला. वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं (पाण्यात माती कालवून चिखल करण्यानं) आणि तुडवण्यानं तयार होणारा हा कठीण थर साधारण 15 ते 25 सेंटीमीटर खोलीवर सापडतो आणि खाचरात पाणी उभं राहतं ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. राखाडी मातीत मुळांच्या वाटेवर गंजाच्या बारीक नळ्या दिसत होत्या. भाताची मुळं आतल्या पोकळ्यांतून हवा खाली नेतात, तिथं विरघळलेलं लोह पुन्हा गंजून बसतं. ताज्या फोडलेल्या मातीवर डायपिरिडिलचे, म्हणजे विरघळणारं लोह ओळखणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकले, तर खाचराची माती बघता बघता लालसर झाली, म्हणजे लोह फेरस (न गंजलेल्या, विरघळणाऱ्या) रूपात होतं. शेजारच्या मातीचा रंग बदलला नाही.

सामूच्या (pH, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कतेच्या मापाच्या) बाबतीत मी हट्टानं दोनदा मोजणी केली: एकदा शेतात ओल्या मातीवर आणि एकदा वाळवून. जमीन पाण्याखाली गेली की आधी ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, मग मँगनीज, लोह आणि सल्फेट यांची पाळी येते, आणि शेवटी मिथेन तयार होतो. लोहाच्या क्षपणात (गंजलेलं लोह फेरस होण्यात) आम्लता खर्ची पडते, म्हणून आम्ल मातीचा सामू वर चढतो. अल्कधर्मी मातीत कार्बन डायऑक्साइड साठून तो खाली येतो. दोन्ही साधारण 6.5 ते 7 च्या आसपास येऊन थांबतात. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत मृदाशास्त्रज्ञ पोन्नमपेरुमा यांनी हे रसायनशास्त्र बारकाईनं उलगडलं. पण माती वाळली की सामू परतीच्या वाटेला लागतो! नुसत्या वाळवलेल्या नमुन्यांवर तुलना केली, तर भाताच्या रोपाला मिळालेली माती आपण मोजलेलीच नसते, असं माझं ठाम मत आहे.

नत्राचंही तसंच. खाचरात ते अमोनियमच्या रूपात राहतं, शेजारी बहुतांशी नायट्रेटच्या. नमुना उघडा राहिला तर अमोनियमचं नायट्रेट होऊ लागतं, म्हणून हे नमुने बंद पिशवीत, बर्फात ठेवून लगेच तपासले. सेंद्रिय कर्बासाठी मात्र उलटा नियम: वॉकली-ब्लॅक पद्धतीत कर्बानं किती डायक्रोमेट (ऑक्सिडीकारक रसायन) खाल्लं यावरून कर्ब मोजतात, पण फेरस लोहही ते खातं आणि कर्ब फुगून दिसतो, त्यामुळे तिथं माती हवेत नीट वाळवूनच घेतली.

स्फुरद आणि जस्त यांची वागणूक एकमेकांच्या उलट असते. पाण्याखाली लोहात अडकलेला स्फुरद सुटा होतो, जस्ताची उपलब्धता घटते. भातावरचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेचा, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ नेने यांनी 1960 च्या दशकात पंतनगरच्या कृषी विद्यापीठात दाखवून दिलं. म्हणून शेजारच्या जमिनीला पुरेल तेवढ्या जस्तात खाचराचं भागेलच असं मी धरलं नाही.

सगळ्यात किचकट निघाला तो कर्बाचा हिशेब. टक्केवारीत खाचर सरळ पुढे होतं. पण कठीण थरामुळे 30 सेंटीमीटरपर्यंतच्या मातीचं वजनच खाचरात जास्त भरतं. प्रत्येक थरातून ठरलेल्या मापाच्या धातूच्या कड्यानं माती काढून, 105 अंश सेल्सिअसवर वाळवून घनता काढली आणि मग समान खोलीऐवजी समान वजनाच्या मातीत किती कर्ब आहे ते मांडलं. खाचर तरीही पुढेच राहिलं, पण समान खोलीच्या हिशेबात दिसलेलं अंतर बरंच कमी झालं. पुढच्या सगळ्या जोड्यांना मी हाच हिशेब लावला.