तिखोनोव्हने ट्रेत्याकला काढलं कशाला?

आईस हॉकीत 1980 म्हटलं की जो तो अमेरिकेच्या कोच हर्ब ब्रूक्सचं कौतुक करत सुटतो, करा भो, कॉलेजची पोरं घेऊन सोव्हिएत टीमला 4-3 ने हरवलं म्हणजे खायचं काम नाही. पण मला इंटरेस्ट त्या दिवशी हरलेल्या कोचमध्ये आहे, व्हिक्टर तिखोनोव्ह. (भुसावळच्या 45 डिग्रीत कूलरसमोर आडवं पडून बर्फावरच्या जुन्या मॅची बघतो मी, घरचे हसतात, हसू द्या.)

झालं काय, लेक प्लॅसिड ऑलिंपिक, पहिला पिरियड संपायला एक सेकंद बाकी, लांबून आलेला शॉट सोव्हिएत गोली (म्हणजे गोलकीपर) ट्रेत्याकने अडवला पण पक (बॉलऐवजी असते ती रबरी चकती) त्याच्या पॅडला लागून पुढे उडाला आणि अमेरिकेच्या मार्क जॉन्सनने तो आत घातला, 2-2. दुसऱ्या पिरियडला बघतो तर गोलमध्ये राखीव गोली मिश्किन! जगातला सगळ्यात भारी गोली बेंचवर. अरे दोनच आठवड्यांपूर्वी ह्याच अमेरिकेला तुम्ही 10-3 ने धुतलं होतं ना, मग एवढं काय बिथरायचं? आणि शेवटी एक गोलने मागे असताना गोली काढून सहावा अटॅकर आणतात सगळे, तर ते पण केलं नाही. पुढे तिखोनोव्हने स्वतःच कबूल केलं की ट्रेत्याकला काढणं ही करियरमधली सगळ्यात मोठी चूक.

आमच्या व्हॉलीबॉल टीमचे सर पण असेच, एक सर्व्हिस नेटमध्ये गेली की "बस बाहेर". त्यामुळे मी ट्रेत्याकच्याच बाजूने, हे आधीच सांगून ठेवतो.

बरं हा तिखोनोव्ह साधा नव्हताच. 1977 ला रीगाच्या क्लबमधून मॉस्कोत आणला, आर्मीचा क्लब आणि नॅशनल टीम दोन्ही हातात, प्लेयर कागदावर आर्मीचे ऑफिसर, म्हणजे उलट बोलायची सोयच नाही. लग्न झालेली पोरं वर्षातले दहा-अकरा महिने कॅम्पात, बायकापोरांना भेटायला पण परमिशन. टीममधल्या लारिओनोव्हने शेवटी 1988 ला एका मॅगझिनमध्ये उघड पत्र लिहून सगळं बाहेर काढलं, त्याच टीमच्या फेतिसोव्हला तर एनएचएलला (अमेरिका-कॅनडातली प्रो लीग) सोडायचं म्हणून झुलवत ठेवलेलं, दोघं 1989 ला गेले एकदाचे.

हे सगळं वाचून डोकं फिरतं. पण रेकॉर्ड बघा ना, आठ वर्ल्ड चॅम्पियनशिप, 1984 आणि 1988 चं ऑलिंपिक गोल्ड, ते तर फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, मकारोव्ह वगैरे एकत्र खेळणाऱ्या त्या भारी फाइव्हच्या जोरावर म्हणू. मग 1992? देश फुटलेला, फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, मकारोव्ह सगळे निघून गेलेले, बहुतेक टीम नवीन पोरांची, आणि ह्याने फायनलला कॅनडाला 3-1 ने हरवून तिसरं गोल्ड घेतलं. तिथे माझी सगळी थिअरी गंडते राव.