ग्रेनोबलचा बीमटाइम: नॅनोकणांचा 'मृत थर' मोजताना

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आयएलएल या न्यूट्रॉन संशोधन केंद्रात डी33 हे लघुकोन स्कॅटरिंगचं यंत्र: सॅम्पलमधून न्यूट्रॉनचा झोत (बीम) सोडायचा आणि तो लहान कोनांत कसा विखुरतो ते मोजायचं. तिथे मोजणीसाठी मिळणारा वेळ म्हणजे बीमटाइम. प्रश्न एकच: लोह ऑक्साइडच्या नॅनोकणाचं चुंबकन थेट पृष्ठभागापर्यंत पोचतं, की बाहेरचा थर मृत, म्हणजे चुंबकन नसलेला, असतो?

निम्मं काम निघण्याआधीच होतं. कण ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनच्या) टोल्यूईन या द्रावकातच घ्या. साध्या हायड्रोजनचं असंगत स्कॅटरिंग (सगळीकडे सारखं विखुरणं, ज्यातून रचना कळत नाही) सुमारे 80 बार्न (विखुरण्याचं प्रमाण सांगणारं एकक). त्याच्या सपाट पार्श्वभूमीत मोठ्या क्यूकडचा (विखुरण्याचा कोन वाढतो तसा क्यू वाढतो) क्षीण चुंबकीय सिग्नल बुडतो. क्युव्हेट (सॅम्पल भरायची चपटी कुपी) क्वार्ट्झची, 2 मिमी जाडीची. बोरोसिलिकेट काच चालत नाही, तिच्यातलं बोरॉन न्यूट्रॉन शोषतं. सॅम्पलमध्ये कोबाल्ट असेल तर बीमटाइमच्या अर्जातच लिहा: न्यूट्रॉन शोषून तयार होणाऱ्या किरणोत्सारी कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं, त्यामुळे सॅम्पल परत मिळेलच असं नाही.

पोचल्यावर सुरक्षा प्रशिक्षण आणि डोसीमीटर (अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारं उपकरण), मग मोजणी. रिकामी क्युव्हेट, नुसतं द्रावक, कॅडमियमने अडवलेला बीम आणि प्रत्येकाचं ट्रान्समिशन (आरपार जाणाऱ्या बीमचं प्रमाण) आधीच उरकून घ्या. शेवटच्या रात्रीवर ढकललं की हेच राहून जातं, आणि मग वजाबाकी कशातून करायची?

खरी मेख ध्रुवणात, म्हणजे न्यूट्रॉनचे स्पिन एकाच दिशेत ठेवण्यात आहे. ध्रुवक ते सॅम्पल गाइड फील्ड (स्पिनची दिशा टिकवणारं चुंबकीय क्षेत्र) कुठेही तुटता कामा नये. सॅम्पलवरच्या चुंबकाचं क्षेत्र वाढवलं की त्याचं बाहेर सांडणारं क्षेत्र फ्लिपरपर्यंत (स्पिन उलटवणाऱ्या भागापर्यंत) पोचू शकतं. म्हणून प्रत्येक मोठ्या बदलानंतर फ्लिपिंग रेशो (दोन स्पिन अवस्थांतल्या तीव्रतांचं गुणोत्तर, ध्रुवणाचं माप) पुन्हा तपासा. ध्रुवण घसरलं आणि दुरुस्ती केली नाही, तर दोन स्पिन अवस्थांमधला फरक खोटाच लहान दिसतो. मृत थर मग आपोआप जाड निघतो! शोध लागल्यासारखा वाटणारा हा निकाल आधी फ्लिपरवर तपासून घ्यावा.

दुसरा चकवा साखळ्यांचा. क्षेत्र लावलं की मोठे कण क्षेत्राच्या दिशेने साखळीत जुळतात. एकमेकांना टेकलेल्या कणांमधल्या ओढीची ऊर्जा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. डिटेक्टरवर क्षेत्राला काटकोनात पसरलेला पट्टा उमटतो. चुंबकीय स्कॅटरिंगही नेमकं तिथेच तीव्र असतं, कारण न्यूट्रॉनला चुंबकनाचा क्यूला लंब असलेला घटकच दिसतो. दोन्ही एकात एक मिसळतात. तेच सॅम्पल, तेवढंच क्षेत्र, पण क्ष-किरणांचं लघुकोन स्कॅटरिंग करून बघा: पट्टा तिथेही दिसला तर साखळ्या आहेत, कारण त्या मोजणीत चुंबकनाचा वाटा जवळजवळ नसतोच. साखळ्या कमी जुळाव्यात म्हणून सौम्य द्रावण जोडीला न्यावंच.

क्षेत्र कमी-जास्त करताना दर वेळी संपृक्ततेपासून (जिथे चुंबकन आणखी वाढत नाही) एकाच दिशेने या, नाहीतर हिस्टेरिसिसमुळे (चुंबकन आधीच्या क्षेत्रावर अवलंबून राहिल्यामुळे) बिंदू जुळत नाहीत. निघताना सॅम्पलची किरणोत्सार तपासणी होते. अॅल्युमिनियमच्या होल्डरची सक्रियता काही मिनिटांत विरते, मँगनीज असेल तर ताटकळावं लागतं.