विकीर्ण क्ष-किरणांचा हिशेब : माझा अनुभव

कोन-बीम सीटीमध्ये (वस्तूचे अनेक कोनांतून क्ष-किरण मोजमाप घेऊन आतली प्रतिमा रचण्याच्या पद्धतीत) क्ष-किरणांचा शंकूसारखा रुंद झोत एकाच वेळी मोठ्या सपाट डिटेक्टरवर पडतो आणि वस्तूत दिशा बदललेले, म्हणजे विकीर्ण, फोटॉनही (क्ष-किरणांचे कण) सरळ आलेल्या फोटॉनांबरोबरच मोजले जातात. या विकीर्ण किरणांचे सिम्युलेशन करून प्रतिमेवरील त्यांचा परिणाम कमी करणे, हा माझ्या प्रकल्पाचा विषय होता. ऊर्जेवरून ते वेगळे काढता येतील का, हा प्रश्न कागदावरच निकालात निघाला : 60 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन कॉम्प्टन विकिरणात (इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलताना) 90 अंशांनी वळला, तरी त्याच्याकडे सुमारे 54 उरतात, आणि एवढा फरक नेहमीच्या सपाट डिटेक्टरला कळत नाही.

नुकसान किती होते, हे पाण्याच्या दंडगोलावर नीट दिसते. याच ऊर्जेला 22 सेंमी पाण्यातून जेमतेम 1 टक्का किरण सरळ पार होतात. तिथे तेवढेच विकीर्ण किरण पडले, तर किरण किती घटले यावरून जाडी काढण्यासाठी लॉगरिदम घेतल्यावर पाणी 19 सेंमीच असल्याचे निघते. कडेला पाणी कमी असल्याने ही चूक किरकोळ राहते, म्हणून एकसारख्या पाण्याची प्रतिमा मध्यभागी काळवंडते.

सिम्युलेशनसाठी मी जिआंट-4 या कणांच्या प्रवासाचे सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरवर आधारलेले गेट हे सॉफ्टवेअर वापरले. माँटे कार्लो पद्धतीत एकेका फोटॉनचा प्रवास यादृच्छिक संख्यांनी ठरवला जातो, त्यामुळे प्रत्येक कोनासाठी पूर्ण गणना करायची, तर संगणक दिवसेंदिवस अडकून पडतो. सुटका विकिरणाच्या स्वभावातच सापडली. ते डिटेक्टरवर हळूहळू बदलते; म्हणून मोठे पिक्सेल, मोजके कोन आणि कमी फोटॉन घेऊन आलेला खडबडीत नकाशा गुळगुळीत केला, मधले कोन अंतर्वेशनाने (शेजारच्या कोनांवरून अंदाज करून) भरले आणि तो अंदाज मोजमापातून वजा केला. मधला काळेपणा बराचसा गेला.

नॉइज, म्हणजे प्रतिमेतला दाणेदारपणा, मात्र गेला नाही, उलट मध्यभागी तो अधिक ठळक झाला. विकिरणाची सरासरी वजा करता येते, पण त्या फोटॉनांनी मोजमापात आणलेले चढउतार तसेच राहतात. त्यामुळे माझ्या मते आधी कॉलिमेटरने (झोताच्या कडा अडवणाऱ्या झडपांनी) झोत हवा तेवढाच ठेवावा, शक्य असल्यास वस्तू आणि डिटेक्टर यांतले अंतर वाढवावे आणि वजाबाकी उरलेल्या विकिरणापुरतीच करावी. विकिरणरोधक जाळी (तिरके येणारे किरण अडवणारी, डिटेक्टरपुढची पट्ट्यांची जाळी) मी लहान दंडगोलासाठी वापरली नाही. तिथे विकिरण मुळातच कमी असते आणि जाळीच्या पट्ट्या सरळ येणारे किरणही काही प्रमाणात अडवतात.